हौद्यात काहीतरी पाहिजे

सोलापुरात जन्मलेल्या माणसाने वाहनांच्या धंद्यात पडू नये, असं म्हणायला इतिहासात काडीचाही आधार नाही. वालचंद हिराचंद १८८२ साली याच गावात जन्मले. त्यांनी १९४० मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना उभा केला, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजांच्या गोदीचा पाया घातला आणि १९४४ मध्ये मुंबईत मोटारींची कंपनी काढली. आकाश झालं, पाणी झालं, रस्ता झाला. पुढच्या सोलापूरकरांसाठी त्या थोर माणसाने फारच थोडं शिल्लक ठेवलं. हातात ग्रॅच्युइटी आणि समोर रिकामी दुपार अशा अवस्थेत मी त्या शिलकीत शोधाशोध केली, तेव्हा मोठ्या माणसांची, विजेवर चालणारी तीनचाकी सायकल हाती लागली. वालचंदांचं तिच्याकडे कसं दुर्लक्ष झालं याचं मला नवल वाटलं. आता वाटत नाही.

मी नोकरीभर हायस्कुलात फिजिक्स शिकवलं. माझ्या गुडघ्यांनी माझ्याआधीच सेवानिवृत्ती घेतली होती. स्कूटर चालवताना त्यांची तक्रार नसते. तक्रार सिग्नलला सुरू होते. सात रस्त्याला लाल दिवा लागला की पाय टेकवायचा, टेकवताना कळ यायची, आणि मी सावरेपर्यंत उरलेल्या सहा रस्त्यांवरची वाहनं माझ्या नावाने हॉर्न वाजवायची. तिसरं चाक असतं तर पाय टेकवायची गरजच नाही, हा विचार मला तिथेच सुचला. त्याच्या पाठोपाठ धंद्याचा विचार आला. गावात गुडघे किती असतील याचा मी अंदाज घेतला. माणशी दोन धरले तरी बाजारपेठ प्रचंड होती.

अभ्यासाशिवाय कशाला हात घालायचा नाही ही मास्तरकीची खोड. अभ्यासातून कळलं ते उत्साह वाढवणारंच होतं. १८८१ च्या एप्रिलमध्ये गुस्ताव त्रूव्हे नावाच्या फ्रेंच माणसाने इंग्लंडात बनलेल्या तीनचाकी सायकलला मोटर आणि बॅटरी जोडून ती पॅरिसच्या रस्त्यावर चालवली. म्हणजे माणूस विजेवर रस्त्याने पहिल्यांदा निघाला तो तीन चाकांवर. पेट्रोलची मोटार त्यानंतर आली, आणि कार्ल बेंझच्या १८८६ च्या त्या मोटारीलाही चाकं तीनच होती. चौथं चाक ही पुढची चैन आहे. त्याच १८८१ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीच्या कारखान्यातून दोन तीनचाकी मागवल्या. आणि एवढं लांब जायचं कशाला, आपल्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसावं शतक सरता सरता विजेवर चालणारी सायकलरिक्षा तयार केली होती. तिचं नाव ‘इलेक्शा’. त्या कामावरचा राजवंशींचा लेख २००२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. दिल्लीत ई-रिक्षांचा सुळसुळाट झाला तो नंतर.

हे सगळं मी बायकोला एका बैठकीत ऐकवलं. तिने शेंगा फोडत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पॅरिस झालं, लंडन झालं, फलटण झालं. आता आपल्या बोळातून ती बाहेर कशी काढणार तेवढं सांगा.” तिला विज्ञानाची दृष्टी नाही असं मी त्या वेळी मनात म्हटलं.

भागीदार म्हणून अण्णा मिळाले. अण्णा पूर्व भागातले. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी. उमेदीची वर्षं त्यांनी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून काढली. चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने माग चालत नाही. एकेक कारखाना बंद पडत गेला, माग वजनावर भंगारात गेले आणि अण्णा वेल्डिंगकडे वळले. त्यांचं शेड मोठं, भाडं कमी आणि माझ्यावर विश्वास अमर्याद. “सर म्हणलं की झालं,” ते म्हणायचे. या वाक्यामुळे माझी ग्रॅच्युइटी किती हलकी झाली याचा हिशेब मी मांडलेला नाही.

पहिल्या सांगाड्याचं ड्रॉइंग मी काढलं, कंपास-कोनमापक घेऊन, बाणांसकट. अण्णांनी ते आदराने भिंतीला लावलं आणि गाडी स्वतःच्या डोक्याने बनवली. त्यांचा सिद्धांत मागाचा होता. “वजन पायजे की सर. माग हलला की कापड बिघडतंय.” मी म्हटलं, “अण्णा, गाडी हलायला हवी असते.” “हलंल की. मोटर हाय की.”

इथे कायदा आडवा आला. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बॅटरीच्या गाडीची मोटर पाव किलोवॅटपेक्षा कमी शक्तीची असेल, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत राहत असेल, बॅटरी सोडून वजन ६० किलोंपेक्षा जास्त नसेल, ब्रेक नीट असतील, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर असेल आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासून तसा दाखला दिला असेल, तर ती ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. नोंदणी नको, लायसन नको. आमच्या वयाच्या ग्राहकाला याहून गोड कलम कायद्यात सापडणार नाही. तेव्हा आधी वजन करू म्हणून आम्ही गाडी शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर चढवली. काटा ९७ वर थांबला. भंगारवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि काही न विचारता भाव सांगितला. पुढे बराच काळ गाडीला आलेली ती एकमेव ऑफर होती.

दुसरा सांगाडा पातळ पाइपचा केला. तो ५४ किलोंत बसला. अण्णा त्याला ‘पाळणा’ म्हणत आणि त्याच्याकडे बघून नाराजीने मान हलवत.

मोटर पुढच्या चाकाच्या तुंब्यातच बसवलेली, हब मोटर म्हणतात ती. तिच्यातून तीन जाड आणि पाच बारीक वायरी निघतात. तशाच वायरी कंट्रोलरमधूनही निघतात, पिवळी, हिरवी, निळी. रंगाला रंग जोडला की काम झालं असा माझा समज होता. मोटर बनवणारा एक आणि कंट्रोलर बनवणारा दुसरा, आणि दोघांचा रंगांबाबत आपसात काही करार झालेला नसतो, हे मला दसऱ्याच्या मुहूर्तावर कळलं. गाडीला झेंडूचा हार घातला होता, नारळ फुटला होता, चाकांच्या पुढे लिंबं ठेवली होती. आमचे माजी मुख्याध्यापक प्रमुख पाहुणे. पेढ्यांचं ताट ठेवलेलं स्टूल गाडीच्या मागे, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. मी सीटवर बसलो, गणपतीचं नाव घेतलं आणि हँडलची मूठ पिळली. गाडी अत्यंत शांतपणे, जराही आवाज न करता मागे निघाली. विजेच्या गाडीचा हा गुण सगळे वाखाणतात. मी पुढे बघत होतो. पुढची लिंबं जागच्या जागी शाबूत होती आणि लहान लहान होत चालली होती. मागे काय चाललं होतं ते मुख्याध्यापकांच्या आवाजावरून कळलं. पेढे गोळा करताना अण्णा म्हणाले, “सर, रिव्हर्स टाकायचाच होता की आपल्याला. आदी तोच झाला बगा.”

गाडी पुढे जायला लागली तेव्हा नवा प्रश्न आला: वळायचं कसं? मागची दोन्ही चाकं मी एकाच आसाला घट्ट बसवली होती आणि पॅडलची साखळी त्या आसाला जोडली होती. चाकांत ७५ सेंटिमीटरचं अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जवळजवळ १२० सेंटिमीटर जास्त चालावं लागतं. दोघं एकाच आसाला जखडलेली असली की एकाला घसटत जावं लागतं, नाहीतर गाडी वळायलाच नकार देते. आमची नकार देत होती. जेम्स स्टार्लीलाही १८७७ च्या सुमारास असाच त्रास झाला. मुलाबरोबर जोडीने पॅडल मारत जाताना गाडी एका बाजूला ओढली गेली आणि रस्ता सोडून झुडपात शिरली. त्यावर त्याने तीनचाकीला डिफरन्शियल बसवला. आज बहुतेक मोटारींच्या पोटात तो असतो. हा सगळा भाग मी दहावीच्या पोरांना अभ्यासक्रमात नसताना रंगवून सांगत असे, फळ्यावर आकृती काढून. माझे काही विद्यार्थी आमच्याच एमआयडीसीत मोटारींचे कॅमशाफ्ट बनवतात. ते कॅमशाफ्ट जगभरच्या गाड्यांत बसतात. विजेच्या गाडीला कॅमशाफ्ट लागत नाही, असं मी त्यांच्यापैकी एकाला ऐटीत सांगितलं होतं. तो आदबीने म्हणाला, “हो सर, पण डिफरन्शियल लागतो.”

अण्णांनी प्रश्न तासाभरात सोडवला. डावं चाक आसाला पक्कं ठेवलं, उजवं बेअरिंगवर मोकळं सोडलं. “एकानं काम करायचं, एकानं नुस्तं फिरायचं. घरात चालतंय, गाडीत का चालणार न्हाई?” जगातल्या बहुतेक स्वस्त तीनचाकी सायकली याच तत्त्वावर चालतात हे मला नंतर वाचनात आढळलं. बायकोला मी हे तत्त्व सांगितलं नाही.

मग मी स्वतः रस्त्यावर उतरलो. सायकल मी शाळेपासून चालवत आलेलो, त्यामुळे सरावाची गरज वाटली नाही. नेमकं तेच नडलं. दुचाकीवर वळताना आपण हँडल फारसं फिरवत नाही. अंग कलतं, सायकल कलते आणि वळण आपोआप घेतलं जातं. तीनचाकी कलत नाही. वळणावर मी जन्माच्या सवयीने डावीकडे झुकलो. गाडीला त्याचं काही वाटलं नाही. ती सरळ गेली. समोर रसवंती होती. घुंगरू वाजत होते, बाकावर दोन गिऱ्हाइकं आलं-लिंबू घातलेला रस पीत होती. त्यांनी ग्लास हातात धरूनच पाय वर घेतले. मी बाकाखाली गेलो. रसवंतीवाल्याने मशीन न थांबवता विचारलं, “हाफ का फुल, सर?” तो माझा विद्यार्थी निघाला.

त्या संध्याकाळी जन्मात सायकलला पाय न लावलेली माझी बायको गाडीवर बसली, हँडल जिकडे वळवायचं तिकडे वळवलं, चौकातून फेरी मारून कोथिंबीर घेऊन परत आली आणि म्हणाली, “यात अवघड काय आहे?” मी वैज्ञानिक कारण सांगायला सुरुवात केली. ती कोथिंबीर निवडायला आत गेली.

एवढं झाल्यावर शेडवर पाटी लागली: ‘मोठ्यांसाठी बॅटरीवरील तीनचाकी. आपल्या मापाने, आपल्या आवडीने ऑर्डरप्रमाणे बनवून मिळेल.’ सोलापूरच्या माणसाला ‘आपल्या आवडीने’ असं लिहून देऊ नये. एका मंडळाच्या कार्यकर्त्याला गाडीवर दोन मोठे स्पीकर हवे होते, मिरवणुकीत पुढे चालवायला. आम्ही बसवून दिले. ४८ व्होल्ट, २० ॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे पुरती भरली तरी एक युनिटाच्या आत वीज. पहिलं गाणं दणक्यात वाजलं, दुसऱ्याला आवाज बसला आणि तिसऱ्याला गाडी बसली. कार्यकर्त्यांनी ती खांद्यावर घेतली आणि मिरवणूक पूर्ण केली. दुसऱ्या एकाला एसटीचा हॉर्न हवा होता. तिसऱ्याला छत्री, मोबाइलचं स्टँड आणि पानाची पिंक टाकायची सोय. फक्त एक फर्माईश मी मनापासून मानली: रेक्झिनऐवजी चादरीच्या कापडाची सीट. मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या रेक्झिनवर जो बसला आहे त्याला कारण सांगावं लागत नाही.

मापाचं म्हणाल तर मला वाटलं होतं की लोक उंची सांगतील, पायाची लांबी सांगतील. लोक बोळाची रुंदी सांगत. पेठांमधल्या घरांची दारं बैलगाडीसाठी नाहीत आणि मोटारीसाठी तर नाहीतच. “आमचं दार अडीच फुटी हाय, त्यातनं गेली पायजे.” म्हणजे चाकांतलं अंतर ७० सेंटिमीटर. आमचं स्वतःचं दारही तेवढंच निघालं. बायकोने माप घेऊन ठेवलेलं होतं. बसलेल्या माणसासकट गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल आणि वळण चार मीटर त्रिज्येचं असेल, तर ७० सेंटिमीटर रुंदीची गाडी ताशी १४ किलोमीटरच्या आसपास आतलं चाक उचलते. पुढे एकच चाक असल्यामुळे प्रत्यक्षात त्याच्याही आधी. हे गणित मी हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो असताना केलं. कागद आणि पेन आधीही माझ्याजवळ होतं.

अण्णांनी सीट चार इंच खाली घेतली आणि शिशाच्या चारही बॅटऱ्या सीटमागून काढून पायाखाली आडव्या बसवल्या. चारींचं मिळून पंचवीस-सव्वीस किलो वजन जमिनीलगत आल्यावर गाडी शहाणी झाली. प्रत्येक गाडी वेगळी बनवली तर प्रत्येकीला वेगळा दाखला लागेल, म्हणून सांगाडा हाच एक कायम केला, तो चाचणीला पाठवायचं ठरवलं आणि गिऱ्हाइकाची हौस सीट, हँडल आणि रंगावर भागवायची असा नियम केला. चाचणीच्या फीचा आकडा मी घरी अजून सांगितलेला नाही.

गाडी आता खरोखर चांगली होती. आणि ती कुणालाच नको होती.

नको होती म्हणजे स्वतःसाठी नको होती. चौकशीला येणारा प्रत्येक जण दुसऱ्यासाठी येत होता. रेल्वे लाइन्समधले एक निवृत्त साहेब आले. “मिसेससाठी बघतोय. तिला गुडघ्याचा त्रास आहे.” दोन दिवसांनी मिसेस एकट्या आल्या. शेडच्या दोन पायऱ्या टणाटण चढल्या. “ह्यांच्यासाठी पाहतेय. सांगू नका हं मी आले होते.” एकाने सासऱ्यांसाठी चौकशी केली, पण सीटची उंची स्वतःच्या मांडीला लावून बघितली. एक जण मित्रासाठी आला आणि मित्राचं वजन किती असं विचारल्यावर पोट आत घेऊन म्हणाला, “माझ्याएवढंच असेल.” सगळ्यांना गाडी आवडायची, सगळे शेडच्या आत गोल फेरी मारायचे, आणि दाराबाहेर न्या म्हटलं की उतरायचे. मग किमतीचं निघायचं. “एवढ्यात सेकंड हँड स्कूटी येतेय की, सर.” स्कूटी येते, पण स्कूटीवरून पडता येतं, हा माझा युक्तिवाद कुणाला पटत नसे.

तीन चाकं म्हणजे एकतर बालवाडीतलं पोर, नाहीतर अपंग माणूस, असं गावाच्या डोळ्यांत पक्कं बसलेलं आहे. ज्यांना कानपूरच्या अलिम्कोची सरकारी तीनचाकी खरोखर लागते ती माणसं ताठ मानेने नव्या पेठेतून गर्दी कापत जातात. लाज वाटते ती स्वतःला धडधाकट म्हणवणाऱ्या आमच्यासारख्यांना. स्कूटरवर दोन्ही पाय लोंबकळत, जीव मुठीत धरून जाऊ, पण लोकांनी ‘काय, आता तीनचाकीवर आला का?’ असं विचारलेलं चालणार नाही. इंग्लंडात निदान राणीने दोन घेऊन तीनचाकीची अब्रू वाढवून ठेवली होती. सोलापुरात राणी कुठून आणायची?

राणी विडी घरकुलातून आली. साठीच्या अलीकडची बाई, डोक्यावर पदर, कमरेला बटवा. तिने माझा नमस्कार ऐकला, पाटी वाचली नाही, सीटकडे पाहिलं नाही, गाडीला वळसा घालून मागे गेली आणि रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, “मास्तर, मागं काय न्हाई व्हय? पानाचं गठ्ठं कुटं ठिवू?” कारखान्याच्या शाखेतून पानं आणि तंबाखू आणायची, घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या, बांधलेल्या विड्या परत शाखेत पोचवायच्या, येता-जाता रिक्षाचं भाडं मजुरीतून जातं. ते वाचवायचं होतं. तिने बटव्यातून सुतळीचा तुकडा काढला. त्याला तीन गाठी मारलेल्या. पहिल्या गाठीपर्यंत पानांच्या गठ्ठ्याची लांबी, दुसरीपर्यंत तिच्या पायाचं माप, तिसरीपर्यंत घराचं दार. माझ्या ड्रॉइंगमध्ये होते त्याहून कमी आकडे आणि सगळे उपयोगाचे. मग ती आणि अण्णा तेलुगूत बराच वेळ बोलले. मधूनमधून माझ्याकडे बघून हसले. भाषांतर मी मागितलं नाही. शेवटी ती मराठीत म्हणाली, “लाज कसली मास्तर? मी काय फिरायला चाललेय व्हय?”

अण्णांनी मागच्या आसावर पाइप आणि जाळीचा हौदा बसवला. तो भरल्यावर गाडी कशी वळते ते बघायला एका पोत्यात मागाच्या शेडमध्ये राहिलेला चिंध्यांचा आणि सुताचा वेस्ट दाबून भरला, तोंड शिवलं आणि हौद्यात टाकलं. गाडी दारात उभी होती तेवढ्यात रेल्वे लाइन्सचे साहेब पुन्हा आले, मिसेसच्या वतीने. सहज म्हणून बसले. सहज म्हणून दाराबाहेर गेले. मी श्वास रोखून बघत होतो. चौकात त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी हाक मारली, “काय साहेब, तीनचाकीवर?” साहेबांनी गाडी थांबवली, मान मागे वळवून पोत्याकडे पाहिलं आणि भरदार आवाजात म्हणाले, “काय करता, थोडा माल पोचवायचा होता.” हाक मारणारा म्हणाला, “वा! ह्या वयात धंदा. मानलं.” परत आले तेव्हा साहेबांचा चेहरा उजळला होता. त्यांनी ॲडव्हान्स दिला. स्वतःच्या नावाने पावती घेतली. फक्त एकच अट घातली: पोत्यासकट पाहिजे.

त्या दिवसापासून आमच्या धंद्याची दिशा ठरली. हौदा सगळ्या गाड्यांना बसला. माणूस आरामासाठी गाडीवर बसला तर म्हातारा. मालासाठी बसला तर कर्ता पुरुष. गुडघे तेच, गाडी तीच. शेंगा चटणीच्या एका दुकानदाराने खरोखर चटणीची पाकिटं पोचवायला गाडी घेतली, पण त्याचा अपवाद. बाकीच्यांच्या हौद्यात बघावं तर रिकामा पाण्याचा जार, नातवाचं जुनं दप्तर, कुणाच्या हौद्यात एकच दुधी भोपळा, आठवडाभर तोच. मॉर्निंग वॉकला बागेपर्यंत गाडीवर जाणारे एक गृहस्थ हौद्यात फावडं ठेवतात. विचारलं तर म्हणतात, “शेताकडे चाललोय.” त्यांना शेत नाही.

इंग्लंडात सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८५ च्या जानेवारीत ‘सी फाइव्ह’ नावाची विजेची तीनचाकी बाजारात आणली. किंमत ३९९ पौंड, मोटर २५० वॅटची, लायसन लागत नाही. कागदावर आमचीच गाडी. चौदा हजारांच्या आसपास बनल्या, पाचेक हजार विकल्या गेल्या आणि ते वर्ष संपायच्या आत कंपनी बुडाली. जाणकार कारणं देतात: थंडीत बॅटरी उतरायची, गाडी इतकी ठेंगणी की ट्रकवाल्यांना दिसायची नाही, उघड्यावर बसून पावसात भिजायला व्हायचं. असतील ती कारणं. पण त्या गाडीचे फोटो मी पुन्हा पुन्हा निरखलेत. माणूस एकटा पाय पसरून बसलेला, हात मांड्यांजवळ, आणि मागे नजरेत भरेल असं काहीही नाही. बघणाऱ्याला हसण्याखेरीज दुसरं काम उरत नाही. ते सर, मीही सर. त्यांना अण्णा मिळाले नाहीत.

आता हिशेबाचं सांगतो. पाइप, मोटर, कंट्रोलर, बॅटऱ्या, रंग आणि अण्णांची मजुरी वजा जाता गाडीमागे जे उरतं त्याला नफा म्हणायला जीभ रेटत नाही. पोत्याचं तसं नाही. वेस्ट फुकट, गोणपाट स्वस्त, शिलाई घरची. पोतं आम्ही १५० रुपयांना देतो. गिऱ्हाइकांना पोत्यावर छापलेलं लागतं, कोरं पोतं संशयास्पद दिसतं म्हणे. साहेबांना शेंगदाण्याचं दिलं होतं. परवा त्यांच्या मिसेस आल्या, पुन्हा एकट्या, गाडी स्वतः चालवत. म्हणाल्या, “मला वेगळं पोतं द्या. ह्यांचं सगळ्यांना ओळखू यायला लागलंय.”

मी म्हटलं, “वहिनी, शेंगदाण्याचंच देऊ ना?”

“अहो, आत वेस्टच भरणार ना तुम्ही? मग शेंगदाणे कशाला? बासमतीचं द्या.”

बासमतीचे आम्ही दोनशे घेतो.